आधी पाणी, मग विस्तव

पोरी, बदलापूरच्या कात्रपला जुना फ्लॅट घेतलास, बरं केलंस. गच्चीवर सोसायटीचं सोलर, मोरीत पंधरा लिटरचा गीझर, तरी पाणी कोमटच येतं, म्हणून पंचवीस लिटरचा नवा आणायला निघालीस असं तुझी आई सांगत होती. दोन दिवस थांब. मुंबईवाले पंखा लावून झोपतात तेव्हा बदलापुरात एखाद्या पहाटे पारा दहा-अकरावर येतो, तुझी घाई कळते मला. पण पाणी तापत नसेल असं वाटत नाही. तापलेलं वाटेत निवतंय.

आमच्या अंबरनाथच्या घरात तांब्याचा बंब होता. मधोमध उभी नळी, खाली जाळी, नळीत करवंट्या नि ढलप्या, भोवती पाणी. विस्तव पाण्याच्या पोटातच, त्यामुळे थोडक्या जळणात घरच्यांच्या आंघोळी उरकायच्या. आजीचा नियम एकच: आधी पाणी, मग विस्तव. एका दिवाळीत पहाटेच्या घाईत मी रिकाम्या बंबात पेटवलं. झाळलेला सांधा सुटला आणि उरलेली दिवाळी आई स्टोव्हवर पातेली चढवत बसली. आजी काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

गीझरलाही तोच नियम. दुरुस्ती झाली, टाकी रिकामी केली, की गरम नळाची धार सलग येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. कोरडी कॉइल बघता बघता जळते. तुमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतात ना? मग कॉइलवर पांढरा पोपडा बसतोच. गीझर तडतडायला लागला की समज, पोपडा झालाय. त्याने बिल फारसं वाढत नाही, लोक उगाच सांगतात. उष्णता बाहेर पडायला अडते, कॉइल आतून भाजते आणि एक दिवस फुटते. वर्षातून एकदा खोलून साफ करून घे, तेव्हाच आतला मॅग्नेशियमचा दांडा बघ. तो टाकीच्या वाटणीचा गंज स्वतःवर घेतो. झिजून तार उरली असेल तर बदल. सुटा भाग उल्हासनगरात मिळेल, तिथे काय मिळत नाही! फक्त जुना दांडा सोबत ने आणि नव्याचे आटे जुळवूनच पैसे दे. व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तो बंद करायला सांगू नकोस. तापताना पाणी फुगतं, वाढलेला दाब तिथूनच सुटतो.

आता सोलर. उद्या सकाळी गरम नळाखाली बादली ठेव आणि पाणी ऊन लागेपर्यंत ती किती भरते ते बघ. पाऊण इंची पाइपच्या दहा मीटरमध्ये तीनेक लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तुझ्या दुसऱ्या मजल्यापर्यंत वळणं धरून वीस मीटर तरी असेल, म्हणजे सहा लिटर गार पाणी आधी काढायचं. तासातासाने एकेक जण आंघोळीला गेला तर प्रत्येक वेळी तेच. एकापाठोपाठ उरका, निम्मं काम तिथेच होईल. बाकीचं उघड्या पाइपवर. एसीवाले वापरतात ती काळ्या फोमची नळी चढवून घे, वर ॲल्युमिनियमचा टेप गुंडाळ, नाहीतर उन्हाने फोमचा भुगा होतो.

धार फसफसत, तुटक येते म्हणालीस ना? कुठेतरी हवा अडकलीय. पाइपला जिथे उंचवटा असेल तिथे ती बसते. टाकीच्या डोक्यावर वाकडी उघडी नळी असते, हवा जायला-यायला. आमच्या सोसायटीत ती कुंभारमाशीने मातीने लिंपली होती, अगदी गुळगुळीत, बोटाने चाचपल्याशिवाय कळलं नसतं. ती बंद असताना टाकी रिकामी झाली तर पत्रा आत चेपतो. तार घालून मोकळी करायची, बस.

काचेच्या नळ्यांची बुडं बघ. चंदेरी असतील तर आतली पोकळी शाबूत. बूड दुधाळ पांढरं झालं असेल तर हवा शिरलीय, ती नळी आता नुसती शोभेची. बदलायची तर पहाटे बदला. दिवसा रिकामी तापलेली नळी गार पाणी लागताच तडकते. घे, पुन्हा आजीचाच नियम.

आणि दक्षिणेकडे नवा टॉवर उठलाय का बघ. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे भरदुपारीही सूर्य 47 अंशांच्या वर चढत नाही, म्हणून टॉवरची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी उत्तरेला पडते. मे महिन्यात पाहणी करून 'ऊन भरपूर आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. सावलीच पडत असेल तर मात्र सोलरवर खर्च न करता गीझर नीट करून घे. एक बादली, वीस लिटर पाणी, पंचवीस अंशांनी तापवायला 0.6 युनिटच्या आतबाहेर वीज पुरते. पाण्यात बुडवायचा रॉड घरात आणू नकोस, आणि गीझरचं अर्थिंग मी तपासल्याशिवाय तू लावायचा नाही.

शेजारीण गॅस गीझर सुचवेल. बाथरूमच्या आत, बंद खिडकीत तर अजिबात नको. त्याच्या धुराला ना रंग ना वास, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. लावायचाच तर बाहेर, उघड्या हवेत.

रविवारी नवाच्या लोकलने येतो. पाना नि तार मी आणतो, गच्चीची किल्ली तेवढी सेक्रेटरीकडून आधी घेऊन ठेव. आणि बादली किती भरली ते भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेव.