वेळ गेला कुठे?

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

रांजणगावच्या कारखान्यातला डेटाबेस आता तू एकटी सांभाळणार, हे कळले. आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली, म्हणून हे पत्र. इथून पुढे तुला एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांतून ऐकायची आहे : "सिस्टीम स्लो आहे." ती ऐकल्यावर तू पहिल्या पाच मिनिटांत काय करतेस, यावर तुझी पुढची सगळी कारागिरी ठरेल. माझे सांगणे एवढेच की, तक्रार करणाऱ्याचा वेळ नेमका कुठे गेला हे आकड्यांत दिसेपर्यंत कशालाही हात लावू नकोस. मेमरी वाढवायची नाही, इंडेक्स घालायचा नाही, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा नाही. ऐकायला हे सोपे आहे. पण आपल्या व्यवसायात सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम हाच, कारण माणसे समोर खोळंबलेली असताना काहीतरी करून दाखवण्याचा मोह फार मोठा असतो.

उदाहरण सातबाराचे घेतो. शिरूर आणि दौंडमध्ये घराघराचा डेटाबेसशी संबंध येतो तो त्यातूनच. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले जाते, त्यावरून तलाठी फेरफार तयार करतो, हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस जाते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नवे नाव चढते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. राज्यात असे सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. आता अशा कोणत्याही व्यवस्थेत शिक्रापूरच्या कार्यालयात पडद्यावरचे चाक फिरत राहिले, तर त्यामागे काय काय असू शकते बघ. गावापर्यंतची नेटची लाइन मंद असेल. डेटाबेसची जोडणी मिळण्यासाठीच रांग लागली असेल. त्याच गटावर दुसऱ्या कोणी व्यवहार उघडून तसाच सोडला असेल आणि हा माणूस त्या लॉकमागे उभा असेल. क्वेरी लाखो ओळी विनाकारण वाचत असेल. किंवा सातबारा केव्हाच तयार होऊन स्वाक्षरीच्या सेवेपाशी अडला असेल. बाहेरून पाचही गोष्टी एकसारख्याच दिसतात. यातल्या एकीचे औषध दुसरीला लागू पडत नाही, आणि लॉकमागे उभ्या असलेल्या माणसाला चौपट मेमरी दिली तरी तो तिथेच उभा राहतो.

वेळेचा असा हिशेब मागण्याची रीत आपल्या क्षेत्रात उशिराच रुजली. पूर्वी जाणकार मंडळी डेटाबेसची प्रकृती गुणोत्तरांवरून सांगत. शंभरातली किती वाचने मेमरीतूनच भागली, हा त्यांचा आवडता आकडा. पण एखादी वाईट क्वेरी तीच पाने मेमरीतून दहा लाख वेळा वाचत बसली, तर हा आकडा नव्याण्णवच्या पुढे जातो आणि काम मात्र तुंबलेलेच राहते. ऑरॅकलच्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक सेशन कशासाठी थांबले आहे याची नोंद मिळू लागली. २००३ साली कॅरी मिलसॅप आणि जेफ होल्ट यांनी त्यावर सबंध पद्धत बांधली : ज्याची तक्रार आहे त्याचे काम घ्या आणि त्याच्या एकूण वेळेची वाटणी करा. पोस्टग्रेसमध्येही २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून सेशन कशावर अडले आहे ते तपशिलाने दिसते, आणि त्याला कोणी अडवले आहे हेही विचारता येते. साधने तुझ्या हाताशी आहेत. ती उघडण्याची सवय तेवढी हवी.

मोजतानाही सरासरीवर विसंबू नकोस. नव्या मुठा उजव्या कालव्याला आवर्तन सुटले की मुखाशी मोजलेला विसर्ग कागदावर चांगला दिसतो आणि टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत पाणी पोचलेलेच नसते. सरासरी तशीच फसवते. शंभरांपैकी पंच्याण्णव कामे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात झाली आणि पाचांना वीस-वीस सेकंद लागले, तर सरासरी निघते जेमतेम १.१ सेकंद. शंभरातल्या एकाच्याही वाट्याला हा सेकंद आलेला नसतो. तक्रार त्या पाचांची आहे, तेव्हा त्या पाचांचेच काम उकलून बघायला हवे.

आता ज्या ठिकाणी अनुभवी माणसेही चकतात, तिथे जरा थांबतो. क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची हे ऑप्टिमायझर ठरवतो, आणि त्याचा सगळा भरवसा किती ओळी हाती लागतील या अंदाजावर असतो. १९७९ साली आयबीएमच्या सिस्टीम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी या अंदाजाचे गणित मांडले. मूल्ये सारखी पसरलेली आहेत आणि एका रकान्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, ही त्यातली गृहीतके आजच्या डेटाबेसांतही बऱ्याच अंशी टिकून आहेत. मग जिल्हा पुणे, तालुका शिरूर, गाव सणसवाडी अशा तीन अटी घातल्या की काय होते? राज्यात जिल्हे ३६, तालुके साडेतीनशेच्या वर, गावे सुमारे ४४ हजार. गाव ठरले की तालुका आणि जिल्हा आपोआप ठरतात, म्हणजे खरी अट एकच आहे. ऑप्टिमायझर मात्र तिन्ही अटी स्वतंत्र धरून त्यांचा गुणाकार करतो आणि ओळींचा अंदाज खऱ्यापेक्षा बारा हजारांहून अधिक पटीने खाली येतो. सरासरीने गावात पाचशे-सहाशे सातबारे असताना त्याला एकच ओळ दिसते. एका ओळीसाठी जो मार्ग झटपट आहे, तोच पाचशे ओळींसाठी, त्यातही खातेदार, फेरफार आणि इतर हक्कांची टेबले जोडताना, रखडतो. पुणे-नगर रस्त्यावर कारखानदारीमुळे ज्या गावांत जमिनीचे तुकडे आणि खरेदीखते वाढली, तिथे हे आधी जाणवेल. आडबाजूच्या लहान गावात तीच क्वेरी बिनतक्रार चालेल. यावर उपाय छोटासा आहे. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, हे रकाने एकमेकांवर अवलंबून आहेत असे ऑप्टिमायझरला सांगता येते. पण एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ चालवून अंदाजाच्या ओळी आणि खऱ्या ओळी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय तो उपाय कोणाला सुचणारच नाही. तुमच्याकडे जिल्हा-तालुका नसतील. विभाग, लाइन आणि मशीन असतील. गणित तेच.

इंडेक्सचेही तसेच आहे. वाचन मंद म्हणून इंडेक्स घालायचा, हे आपल्याकडे जवळजवळ प्रतिक्षिप्त झाले आहे. पण प्रत्येक लिखाणाच्या वेळी तो सांभाळावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून एक फार उपयोगी सोय आहे : ज्या रकान्यांवर इंडेक्स आहे त्यांना बदल शिवला नाही आणि त्याच पानात जागा असली, तर इंडेक्सना हात न लावताच ओळ बदलता येते. आता फेरफाराची स्थिती सतत बदलते. नोटीस काढली, हरकत आली, नोंद प्रमाणित झाली. यादी लवकर दिसावी म्हणून कोणी त्या स्थितीच्या रकान्यावर इंडेक्स घातला, तर स्थिती बदलताना ही सवलत जाते आणि टेबलावरच्या सगळ्याच इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागते. यादी सुधारते आणि नोंदी मंदावतात. तो इंडेक्स घालूच नये असे मी म्हणत नाही. दोन्ही बाजू मोजून घाल.

तू म्हणशील, माणसे रांगेत उभी असताना मोजमाप करत बसायला वेळ कुठला? आक्षेप खरा आहे. मात्र चालू सेशन्स, त्यांचे थांबे आणि लॉक यांची प्रत काढून ठेवायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही, आणि ती आधी तयार करून ठेवलेल्या एका स्क्रिप्टने काढता येते. ती काढ, मग सगळ्यांना अडवणारे सेशन खुशाल तोड. सर्व्हर सरळ बंद-चालू केला तर कोण कोणामागे अडले होते हा पुरावा जातो, अर्धवट व्यवहार उलटतात, मेमरी रिकामी होते आणि चार दिवसांनी तेच दुखणे परत येते. दुसरा आक्षेप पैशाचा : क्लाउडवर मोठे मशीन एका तासात मिळते, मग इतकी खटपट कशाला? कारण जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवले होते की ज्या भागाला एकूण वेळेचा विसावा हिस्सा लागतो, तो कितीही वेगवान केला तरी विसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाचत नाही. मशीनच खरोखर अपुरे असेल, तेही मोजमापातूनच दिसेल. रांगेच्या साध्या गणितात यंत्र निम्मे व्यस्त असताना काम दुप्पट वेळ घेते, नव्वद टक्के व्यस्त असताना दहापट आणि पंच्याण्णव टक्क्यांना वीसपट. म्हणून ई-पीक पाहणीच्या शेवटच्या दिवशी किंवा तुमच्याकडे महिनाअखेरीला कालपर्यंत ठीक चाललेली गोष्ट थोड्याशा वाढीव गर्दीने एकदम कोसळल्यासारखी वाटते. अशा वेळी मशीन घ्यावे लागले, तर हे आकडे समोर ठेवून माग.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा : आता डेटाबेस स्वतःच सल्ला देतो, माणसाने कशाला डोके लावायचे? सल्ला जरूर घे. पण त्याच्या खालची मोजणी तपास. दौंडच्या शेजारी, इंदापुरात, १८३० च्या आसपास ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी जमीनमहसुलाची आकारणी केली. निव्वळ उत्पन्नाचा त्यांचा हिशेब अत्यंत बारकाईचा होता, शेतांची मोजणी मात्र ठिकठिकाणी चुकलेली. परिणामी रयत जमिनी सोडून गेली, आणि १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तिथूनच नव्याने मोजणी सुरू करावी लागली.

एका बाबतीत मी तुला अजिबात सूट देणार नाही. वेग वाढवण्यासाठी कमिट झालेली नोंद डिस्कवर पोचल्याची खात्री करणारी सोय बंद करण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईल. आकडे त्याने खरोखर सुधारतील, आणि वीज गेल्यावर पूर्ण झाल्याचे सांगितलेली नोंद नाहीशी झालेली असेल. एवढेच कशाला, सबंध डेटाबेसच बिघडू शकेल. १८७५ मध्ये भीमथडी आणि शिरूरच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जरोखे हिसकावून जाळले. कागदावरच्या नोंदीत आपली जमीन अडकली आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. तुझ्या टेबलातली ओळसुद्धा कोणाचा तरी पगार, कोणाचे तरी बिल आहे.

येत्या महिनाअखेरीच्या आत एक काम कर. सगळे सुरळीत चालू असेल असा एक साधा मंगळवार निवड आणि त्या दिवशीच्या महत्त्वाच्या वीस क्वेरींचे वेळ, त्यांचे प्लॅन आणि सेशन्सचे थांबे नोंदवून ठेव. बिघाड झाल्यावर नुसते आजचे आकडे हाती असतील, तर त्यातले कोणते नेहमीचे आणि कोणते नवे हे तुला ओळखता येणार नाही. ती नोंद झाली की मला पाठव, दोघे मिळून वाचू.

तुझा
काका