मैदानावर पाठवणार आहेत का, ते आधी विचार

अगं, दिल्लीची ऑफर हातात आहे आणि तू मला विचारतेस, "ताई, मी गेले तर कोल्हापूरच्या केएसए फुटबॉल लीगच्या बातम्या कोण करणार?" हा प्रश्न तुला पडतो यातच तू किती चांगली बातमीदार आहेस ते आलं. पण आधी तुझं बघू. लीगचं नंतर.

जाण्यात गैर काहीच नाही, एवढं ओझं आधी मनावरून उतरव. जिल्हा आवृत्तीतल्या क्रीडा बातमीदाराच्या पदरात काय पडतं ते मला चांगलं ठाऊक आहे. वर्षानुवर्षं मानधनावर काम, पेट्रोल स्वतःचं, सगळ्यात जास्त सामने रविवारी म्हणून रविवारची सुट्टी नाही. आणि जाहिरात आली की पहिली कात्री खेळाच्या पानाला. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्या वैध ठरवल्या, पण कंत्राटावर राबणाऱ्या तुझ्यासारख्या पोरींपर्यंत त्यातलं काय पोचलं ते तू पाहतेच आहेस. "गाव सोडून चालली" असं म्हणणाऱ्यांपैकी कोणी तुझ्या घराचा हप्ता भरणार नाही. पगार वाढतोय म्हणून जावंसं वाटत असेल तर ते कारण पुरेसं आहे, त्याला दुसरं मोठं नाव द्यायची गरज नाही.

मला काळजी आहे ती एकाच गोष्टीची. तिथे तुला मैदानावर पाठवणार आहेत का?

पत्रावर "वरिष्ठ क्रीडा प्रतिनिधी" असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काम असतं ते खुर्चीवरचं. पीटीआयची कॉपी घ्यायची, मथळा बदलायचा, एखाद्या क्रिकेटपटूच्या पोस्टवर तीन परिच्छेद करायचे, सामना टीव्हीवर बघत लाइव्ह ब्लॉग चालवायचा आणि शिफ्ट संपली की आकडे बघायचे, कोणत्या बातमीला किती क्लिक. आमच्या दिल्लीच्या कार्यालयात इंफाळहून आलेला एक मुलगा होता. मणिपूरच्या फुटबॉलमधला एकेक क्लब त्याला तोंडपाठ. त्याला आयपीएलच्या लिलावाच्या बातम्यांवर बसवलं होतं. कामाला तो कमी पडला नाही, पण जे त्याला येत होतं ते तिथे कोणालाच नको होतं. तसं तुझं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कारण तुला जे येतं ते मैदानावर उभं राहूनच येतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींचे संघ समोरासमोर असले की गॅलरीतला माणूसन् माणूस फुटबॉल जाणतो. गोल कोणाच्या पासवर झाला हे तू चुकवलंस तर सकाळी चहा घेईपर्यंत पेठेतून फोन येतो. मैदानी कुस्तीचंही तेच. कुस्ती घिस्सा डावावर झाली की एकचाक डावावर, हे चुकीचं छापून आलं तर वस्ताद पुढच्या मैदानात सगळ्यांदेखत विचारतात. "तालमीत बाईमाणसाचं काय काम" म्हणणारे हेच वस्ताद आज निकाल सांगायला स्वतःहून तुला फोन करतात. हे तू कमावलेलं आहेस. इतका जाणता आणि इतका जवळचा वाचक दिल्लीत मिळत नाही. तिथे चूक झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. लक्षात आणून देणारं कोणी नसलं की हात सैल पडतो.

आता म्हणशील, ताई घाबरवते आहे. अजिबात नाही. तुझ्यासारखी माणसं तिथे हवीतच, आणि का हवीत ते सांगते. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातल्या अंतिम लढतीचा निकाल वादात सापडला, पंचांना लाथ मारल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या रात्री राष्ट्रीय वाहिन्यांवर लाथ पुन्हा पुन्हा दिसत होती. पण दोन्ही खांदे टेकले होते का, पंचांच्या निर्णयावर दाद मागायची सोय काय होती, हे प्रेक्षकाला समजावून सांगणारं माणूस तिथे हवं होतं. त्याच्या आदल्या महिन्यात दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. खेळाडूच्या नावापुढे कंसात संरक्षणाची मिनिटं आणि गुण लिहायची सवय आपल्या जिल्ह्याच्या पानांना कित्येक वर्षांची. राष्ट्रीय माध्यमांतल्या बऱ्याच जणांना तेव्हा खेळ मुळापासून समजून घ्यावा लागला. तिथे तू असतीस तर?

किंवा 1 ऑगस्ट 2024 आठव. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीकडे सगळ्यांचे कॅमेरे वळले. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं होतं. बाहेरच्यांना वाटलं, कोल्हापुरात अचानक नेमबाज कुठून उगवला. तुला आणि मला माहीत आहे की तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली होती आणि राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं होतं. हे सगळं एका ओळीत आणणारी मुलगी त्या कार्यालयात असेल तर बातमीचा पोतच बदलतो.

म्हणून हो म्हणण्याआधी संकोच न करता विचार. महिन्यात किती दिवस मैदानावर? प्रवासाचा खर्च कोण देणार, आधी की बिलं लावल्यावर? क्रिकेटशिवायचा कोणता खेळ माझ्या नावावर असेल? आणि ते उत्तर ईमेलवर माग. तोंडी "बघू, होईल" म्हणाले तर ते नाही असंच धर. रात्रपाळी असेल तर घरी सोडायला गाडी आहे का, हेही विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक, कारण तू विचारलं नाहीस तरी मला सांगायलाच हवं. मोठं नाव म्हणजे पक्की नोकरी नव्हे. अमेरिकेत "द ॲथलेटिक" 2016 मध्ये सुरू झालं ते गावोगावच्या दैनिकांतले उत्तमोत्तम क्रीडा बातमीदार चांगला पगार देऊन उचलत. एकेका संघामागे एकेक माणूस, हेच त्यांचं बळ. 2022 मध्ये "न्यूयॉर्क टाइम्स"ने ते 55 कोटी डॉलरना विकत घेतलं. 2023 च्या जूनमध्ये वीसेक जणांना नारळ दिला, आणखी वीसेक जणांची कामं बदलली, प्रत्येक संघाला स्वतंत्र बातमीदार हे धोरणच सोडलं. ज्या गावाच्या संघासाठी माणसाला दैनिकातून आणलं, तो संघच त्याच्या हातातून गेला आणि मागे त्या दैनिकातली जागाही बहुधा भरलेली नव्हती. तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय घर हलवू नकोस. बाबांकडून डिपॉझिट घेऊ नकोस, पहिलं वर्ष भाड्याने सहकाऱ्यांबरोबर राहा.

आता लीगचं. तुझी जागा लगेच भरतील असं मला वाटत नाही. खरं सांगायचं तर काही महिने निकाल मंडळांच्या व्हॉट्सॲपवरून येतील आणि तसेच छापले जातील. पण तुझ्या हातात आहे ते तू कर. तुझ्या वह्यांमध्ये कोणता खेळाडू कोणत्या तालमीतून कुठे गेला, कोणाचा गुडघा कधी गेला, शालेय स्पर्धेत कोणती मुलगी पुढे येते आहे, हे सगळं आहे. ते नुसतं फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवू नकोस. शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकणारी ती मुलगी गेला हंगामभर तुझ्या मागे मागे फिरते ना, त्या वह्या घेऊन तिच्यासोबत बस. प्रशिक्षकांना तिची ओळख तू स्वतः करून दे, फोनवर नाही, सरावाच्या वेळी मैदानावर जाऊन. आणि संपादकांना राजीनामा देतानाच तिचं नाव सुचव, मानधनाचा आकडाही तूच बोल. नवख्या पोरीला तो बोलता येत नाही.

दिल्लीहून करारपत्र आलं की सही करायच्या आधी मला पाठव. नोटीस पिरियड आणि प्रोबेशनची कलमं मी वाचते. पान सोडल्यावर फोन कर, बारा वाजले तरी चालतील, मी जागीच असते.