यादीतून सुटलेले वृद्ध

अभ्यासपाठ
शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, १ तीमथ्य ५:३-१६, लूक १०:३०-३७



वृद्धांच्या सेवेचा विषय निघाला की आपल्या मंडळ्यांत दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. एक असे : "आता सरकार सगळे देते. पेन्शन आहे, आशाताई घरी येते, मग मंडळीने वेगळे काय करायचे?" दुसरे नेमके उलट : "आपल्या म्हाताऱ्यांसाठी सरकारच्या दारात कशाला जायचे? आपले आपण बघू." दोन्ही उत्तरे चांगल्या माणसांच्या तोंडून येतात आणि दोन्हींमुळे पाड्यावरची अंथरुणाला खिळलेली आजी आहे तिथेच पडून राहते. म्हणून या पाठात तीन गोष्टी पाहू या : सरकारी खर्चाने घरापर्यंत येणारी सेवा कोणती, ती कुठे थांबते, आणि तिथून पुढे आपले काम कोणते.

१. शास्त्र काय शिकवते

यरुशलेमेतील मंडळीत विधवांसाठी रोजचे वाटप चालू होते. योजना होती, अन्न होते, वाटणारे हात होते. तरीही ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवा वाटपातून सुटत होत्या. त्यांना कोणी मुद्दाम वगळले असे लूक लिहीत नाही. एवढे मात्र दिसते की ज्या सुटल्या त्यांची भाषा वेगळी होती.

प्रेषितांनी तक्रार खोटी ठरवली नाही आणि वचनाची सेवा सोडून स्वतः वाढायलाही गेले नाहीत. त्यांनी लोकांना आपल्यातूनच सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्या सातांची नावे वाचा : स्तेफनापासून नीकलावापर्यंत सगळी नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा सुटत होत्या, त्यांची बोली ज्यांना कळेल अशाच माणसांच्या हाती काम गेले असे दिसते.

तीमथ्याला लिहिताना पौल जबाबदारीचा क्रम लावून देतो. आधी मुले आणि नातवंडे. आईवडिलांचे ऋण फेडणे हाच भक्तीचा पहिला धडा, असे तो सांगतो. ज्यांना कोणीच नाही त्यांचा भार मंडळीने घ्यावा. त्यासाठी तो यादी ठेवायला सांगतो आणि वयाची अटही घालतो : साठ वर्षे. आज आपल्या देशात ज्येष्ठ नागरिक म्हणून गणले जाण्याचे वयही ६० आहे. यादी, वय आणि पात्रता हे शब्द कचेरीतले वाटतात, पण प्रेमाला शिस्त लागते हे पौलाला ठाऊक होते.

चांगल्या शोमरोन्याने जखमा स्वतः बांधल्या, माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले आणि पुढे त्याची काळजी घेण्यासाठी उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे दिले. पैसे देऊन करवून घेतलेली सेवा त्याला कमीपणाची वाटली नाही. पैसे देऊन तो मोकळाही झाला नाही. परत येईन म्हणाला. सरकारी सेवा आणि मंडळीची सेवा यांचे नाते असेच असावे.

२. सरकारी सेवा घरापर्यंत कशी येते

भारतीय राज्यघटनेचे ४१ वे कलम राज्याला आपल्या आर्थिक ताकदीनुसार म्हातारपणी साहाय्याची तरतूद करायला सांगते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची तपासणी ठरलेली आहे. आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की जे वृद्ध घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांना उपकेंद्रातील आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन पाहावे आणि घरच्या माणसांना त्यांची निगा राखायला शिकवावे, असे या कार्यक्रमातच लिहिलेले आहे. ही भेट उपकार नव्हे, ते त्यांचे नेमून दिलेले काम आहे.

पुढे आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली. आज त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. आशाताई घरोघरी जो 'सीबॅक' फॉर्म भरतात त्यात साठीच्या पुढच्या माणसांसाठी वेगळे प्रश्न आहेत : उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? हालचालीला अडथळा येईल असे अपंगत्व आहे का? जेवणे, कपडे घालणे, अंघोळ, शौच यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावे किंवा घरचा पत्ता विसरायला होते का? या उत्तरांवरून वृद्धांचे तीन गट होतात : हिंडते-फिरते, हालचाल कमी झालेले, आणि घरात किंवा अंथरुणात अडकलेले. घरभेटीची सर्वांत जास्त गरज या तिसऱ्या गटाला असते.

पैशाची मदत वेगळी येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी दरमहा २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांना दरमहा १५०० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ते १००० होते. अर्ज तहसील कचेरीतील संजय गांधी योजना शाखेत जातो. काठी, वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, चष्मा, कानाचे यंत्र ही साधने २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत मिळतात. ७० वर्षांपुढील प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. पण लक्षात ठेवा, ते रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, घरच्या सेवेसाठी नाही.

३. ही सेवा कुठे थांबते

जपानने २००० साली दीर्घकालीन सेवेचा विमा सुरू केला. तिथे पात्र ठरलेल्या वृद्धाला अंघोळ घालायला, जेवू घालायला सेविका घरी येते आणि खर्चाचा मोठा भाग विम्यातून व करातून भागतो. आपल्या देशात केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण स्वीकारले. तिथे ग्रामपंचायती निधी बाजूला ठेवतात आणि प्रशिक्षित परिचारिका गाडीने अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जाते.

आपल्याकडची घरभेट ही आरोग्याची भेट आहे. नर्सबाई रक्तदाब पाहतील, गोळ्या देतील, जखम पाहतील. रोज सकाळी आजीला उठवून बसवायला सरकारकडून कोणी येत नाही. आदिवासी आणि डोंगरी भागात एका उपकेंद्राकडे नियमानुसार ३००० लोकसंख्या असते. पाडे विखुरलेले, पावसाळ्यात ओढे भरलेले, त्यात लसीकरण आणि बाळंतपणे. ज्या नावाची कोणी आठवण करून देत नाही ते नाव मागे पडते.

पाड्यावरचा वृद्ध सुटण्याची कारणेही साधी आहेत. जन्माची नोंद नसते, म्हणून आधारवर अंदाजाने १ जानेवारी पडलेली असते आणि पासष्ट ओलांडलेली आजी कागदावर साठीचीही भरत नाही. कष्टाने बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ओळख नाकारते. दरवर्षीचा हयातीचा दाखला राहिला की पेन्शन थांबते, आणि का थांबली हे सांगायला कोणी येत नाही. प्रश्न मराठीत विचारला जातो आणि आजीला पावरी किंवा मावची येते. ती मान हलवते आणि फॉर्मवर "त्रास नाही" असे लिहिले जाते.

नंदुरबारच्या डोंगरातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. होळीपर्यंत पाड्यावर म्हातारी माणसे आणि काही लहान मुले उरतात. पौलाने सांगितलेले पहिले वर्तुळ, म्हणजे घर, तिथे महिनोन्महिने रिकामे असते. त्या मुलांचे मन कठोर झालेले नसते; त्यांनी उचल घेतलेली असते.

४. मंडळीने काय करावे

पहिले, यादी करा. आपल्या पाड्यातील साठीपुढच्या सर्वांची, फक्त आपल्या मंडळीतील नव्हे. शोमरोन्याने वाटेवरच्या माणसाला त्याचा धर्म विचारला नाही. या सेवेच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अपेक्षाही ठेवू नये. नावापुढे चार गोष्टी लिहा : आधारवरचे वय, पेन्शन चालू की बंद, घरात सोबत कोण, आणि बाहेर पडता येते की नाही.

दुसरे, दोन माणसे निवडा. त्यांना बोली यावी आणि ती ऊसतोडीला न जाणारी असावीत. त्यांनी महिन्यातून एकदा आशाताईंना आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून अंथरुणावरच्या वृद्धांची नावे द्यावीत. तक्रारीच्या सुरात नको. "ताई, या तीन घरी तुमची भेट व्हावी, वाट दाखवायला आम्ही येतो," एवढे पुरे. फॉर्म भरताना दुभाषी म्हणून शेजारी बसावे.

तिसरे, कागद सांभाळा. हयातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, अर्जाची पोच. ठसे उमटत नसतील तर बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय विचारा. वृद्धांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ हा क्रमांक उपासनेच्या जागी भिंतीवर लिहून ठेवा.

चौथे, दोन भेटींमधले दिवस वाटून घ्या. हे काम महिला मंडळ आणि तरुण संघाने मिळून करावे. त्यासाठी या गोष्टी शिकून घ्या :

कुशीवर वळवणे. अंथरुणावरच्या माणसाला दिवसा दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. रात्रीचे नर्सबाईंना विचारून ठरवावे. शेजारणींनी पाळ्या लावल्या तर हे जमते. टाचा अधांतरी राहतील अशी गोधडीची घडी पोटऱ्यांखाली ठेवावी.

कातडी पाहणे. माकडहाड, कंबरेची हाडे, टाचा रोज पाहाव्यात. सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही. म्हणून हाताच्या पाठीने चाचपावे. जागा गरम, कडक किंवा वेगळ्या रंगाची वाटली तर तिच्यावर भार देऊ नये, ती चोळू नये आणि नर्सबाईंना त्याच दिवशी कळवावे.

भरवणे. आडवे असताना कधीच भरवू नये. पाठीला आधार देऊन बसवावे, लहान घास द्यावा, गिळल्याची खात्री करावी आणि जेवणानंतर अर्धा तास बसतेच ठेवावे.

शौच. जुन्या लाकडी खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून खाली भांडे ठेवले की घरातच सोय होते. रात्री अंगणात जाताना पडून खुबा मोडण्याचा धोका त्याने पुष्कळ टळतो.

गोळ्या. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी उपकेंद्रातून आणाव्यात. बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नयेत.

यांतले काहीही डॉक्टरी नाही. पण हे झाले नाही तर सरकारी भेटीत दिलेले औषध आणि मलमपट्टी वाया जाते.

५. आपल्या स्वतःच्या घराविषयी

ही पत्रिका शहरातील अनेक वर्गणीदार वाचतात. आपल्या दानावर पाड्यातील सेवा उभी आहे आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तरी मार्क ७:९-१३ मध्ये प्रभूने कुर्बानाविषयी जे सांगितले ते आपण विसरू नये. आईवडिलांच्या हक्काचे ते देवाला वाहिले असे म्हणून हात झटकणाऱ्यांना त्याने दोष दिला. आपले दान आपल्या घरच्या वृद्धांच्या वाट्याचे नसावे. वेळ हेही दानच आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला आहे; ज्यांच्यापाशी देवाचे वचन आहे त्यांच्यावर कायद्याची ती पाळी येऊ नये.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पाड्यात किंवा वस्तीत घराबाहेर न पडणारे वृद्ध किती आहेत? त्यांची नावे आत्ता सांगता येतील का?
२. आपल्या भागातील "ग्रीक बोलणाऱ्या विधवा" कोण आहेत? भाषा, अंतर की कागद, त्या कशामुळे सुटतात?
३. आपल्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई कोण, हे किती जणांना माहीत आहे?
४. मंडळीने सरकारी सेवेची जागा घेणे आणि तिला हात देणे यांत फरक काय?

प्रार्थनेचे विषय

पायी डोंगर चढणाऱ्या आशाताई आणि आरोग्यसेविकांसाठी. ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी, ज्यांचे मन पाड्यावरच्या आईपाशी अडकलेले असते. ज्यांची पेन्शन थांबली आहे अशा वृद्धांसाठी. आणि आपल्यासाठी, की पुढच्या महिन्यात ही यादी कागदावर उतरावी आणि उपकेंद्रापर्यंत पोहोचावी.