मिश्रीबद्दल विचारायचं कसं?

प्रश्न : मुलगी एमबीबीएसला आहे. रुग्णाला तंबाखू सोडायला कसं समजवायचं, हे तिथे शिकवतात का?

उत्तर : शिकवतात, पण पुरेसं नाही. २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवादाचा 'एटकॉम' हा भाग आहे. पुढे कुटुंब दत्तक उपक्रम आला. विद्यार्थी गावातल्या घरी जातात. खरा कस तिथेच लागतो.

'तंबाखू खाता का?' असं विचारलं, की मिश्री लावणाऱ्या आजी सरळ 'नाही' म्हणतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं, व्यसन नव्हे. म्हणून मिश्री, मावा, गुटखा अशी नावं घेऊनच विचारायला हवं. सुपारीचंही विचारावं, तंबाखूविना खाल्ली तरी ती कर्करोगकारक आहे.

जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते ती पद्धत पाच पायऱ्यांची : विचारणं, सल्ला, मनाची तयारी जोखणं, मदत, पाठपुरावा. बहुतेकांची गाडी सल्ल्यावरच अडते, आणि हीच मोठी उणीव आहे. "आजी, कोणत्या दिवसापासून सोडता?" असं विचारून १८००-११-२३५६ हा मोफत क्विटलाइनचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायला फार वेळ लागत नाही. तोंड पूर्ण उघडतं का, आत पांढरा-लाल चट्टा आहे का, हेही त्याच भेटीत पाहावं.