टायरचा काळेपणा जातो कुठे?

प्रश्न : आमची वॅगनआर सात वर्षांची आहे. इंजिन ठणठणीत, रंगही बरा. पण टायर पार मातकट, तपकिरी दिसतात. धुतले तरी वाळले की पुन्हा तसेच. वॉशिंग सेंटरवर डिझेलचं फडकं मारून देतात, तेव्हा दोन दिवस काळेभोर दिसतात. नवे टायर घेण्याची सध्या ऐपत नाही. थोडक्या पैशांत टायर काळे कसे करावेत? आणि मुळात काळं रबर तपकिरी पडतंच का?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण तो कळला की निम्मा खर्च तिथेच वाचतो.

कपडा विटतो तसा टायर विटत नाही. रबर मुळात काळं नसतंच. झाडाचा चीक वाळवून केलेलं रबर पांढुरकं-पिवळसर असतं. मोटारींचे सुरुवातीचे टायरही फिकट रंगाचे असत. मिशेलिन कंपनीचा १८९८ सालचा, टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत माणूस आजही पांढरा आहे, तो म्हणूनच. पुढे रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे अत्यंत बारीक काजळी, मिसळायला लागले. त्यामुळे टायर कितीतरी पटींनी चिवट झाला, उन्हाला टिकू लागला, आणि काळा झाला. ही काजळी वरून फासलेली नसते. ती टायरच्या अंगात आरपार भिनलेली असते, म्हणून तुमच्या टायरचा काळेपणा जिथल्या तिथे आहे. तो फक्त झाकला गेलाय.

तो झाकणारा थर कसला, हे समजून घ्या. हवेतला ओझोन रबराच्या लांब साखळ्या तोडतो आणि त्याला भेगा पाडतो. म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनचा मारा आधी आपल्या अंगावर घेणारी रसायनं घालतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, ओझोनशी झुंजतात आणि त्यात खर्ची पडली की तपकिरी होतात. टायरने स्वतःला वाचवताना वापरून संपवलेलं हे औषध आहे. त्यावर रस्त्याची धूळ, ब्रेकची भुकटी आणि आजवर मारलेल्या डिझेलचा चिकटा बसला की तुम्ही म्हणता तसा मातकट रंग येतो.

यावर वॉशिंग सेंटरमधला डिझेलचा हात हा सर्वांत वाईट उपाय आहे, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो. घरी करून बघा. एकाच पुडीतले दोन रबरबँड घ्या. एक काचेच्या बरणीत डिझेलमध्ये बुडवून, झाकण लावून, शेगडीपासून दूर रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही शेजारी मांडा. भिजलेला फुगलेला, मऊ पडलेला दिसेल; ताणलात तर पटकन तुटेलही. टायर इतका लगेच खराब होत नाही, पण दर आठवड्याला डिझेल पाजलं तर त्याच्या कडेच्या रबराची वाटचाल त्याच दिशेने होते. रॉकेल आणि जळकं ऑइल यांचंही तेच. काळा रंग फासणंही नको. टायरची कडा चालताना सतत वाकते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

मग करायचं काय? नीट घासायचं. गाडी सावलीत, टायर गार. आधी नुसत्या पाण्याने चिखल उतरवा. मग कपडे घासायचा प्लॅस्टिकचा ब्रश घ्या, तारेचा नको. कार शॅम्पू नसेल तर भांड्यांचा लिक्विड साबण चालतो. एका वेळी एकच टायर घ्या आणि गोल गोल घासत जा. पहिल्या हाताला फेस कडक चहासारखा तपकिरी निघेल. धुवा, पुन्हा साबण लावा. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला फेस पांढरा राहिला की समजायचं, तळ लागला. बहुतेक लोक पहिल्याच फेसावर थांबतात, म्हणून त्यांचा टायर वाळल्यावर पुन्हा तपकिरी दिसतो. पण हे दर आठवड्याला करू नका. वर आलेलं मेणही त्याबरोबर जातं. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे.

पूर्ण वाळल्यावर टायर मंद काळा दिसेल. मला तो तसाच आवडतो. थोडी चमक हवी असेल तर मेडिकलमधून ग्लिसरीन आणा, तितकंच पाणी मिसळा, स्पंजने पातळ हात द्या आणि दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घ्या. न पुसता सोडलंत तर धूळ धरते. पावसात हे धुऊन जातं. तेव्हा जून ते सप्टेंबर त्यात पैसे घालू नका. विकतचंच घ्यायचं असेल तर पाण्यात बनवलेलं, दुधासारखं पांढरं दिसणारं ड्रेसिंग घ्या. पेट्रोलसारखा वास येणारं टाळा.

यातलं काहीही टायरच्या फक्त बाजूला लावायचं. जो भाग रस्त्याला टेकतो त्यावर आणि ब्रेकच्या डिस्कवर थेंबही नको. स्कूटर-मोटारसायकलच्या टायरला तर मुळीच लावू नका. वळताना ती कलते आणि कडेचं रबर रस्त्यावर येतं.

घासण्याचा खरा फायदा मला गेल्या उन्हाळ्यात कळला. माझ्या गाडीचा मागचा डावा टायर तिसऱ्यांदा धुतला, तेव्हा रिमच्या काठाजवळ केसाएवढ्या भेगांची एक ओळ उघडी पडली. इतके दिवस त्यांत माती बसली होती. वरून काही फासलं असतं तर ती आणखी झाकली गेली असती. तुम्हीही हात फिरवून बघा. भेगांत नख अडकत असेल, कुठे फुगवटा आला असेल, किंवा खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली असेल (खाचेच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्या पातळीला), तर तो टायर काळा करत बसू नका. चारही एकदम नाही जमले तरी आधी दोन बदला.

वयही बघा. टायरच्या कडेला ‘डीओटी’ या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला वाकून बघावं लागेल. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षं झाली की खाचा कितीही शिल्लक असोत, बदलावेत. जुने टायर विकत घेताना तर हे आकडेच आधी विचारा. तिथे चकचकीत काळा रंग आणि तापल्या हत्याराने नव्याने कोरलेल्या खाचा पुष्कळदा बघायला मिळतात.

घासायला बसाल त्या दिवशी डिकीतली स्टेपनीही बाहेर काढा. ऊन लागलेलं नसल्याने ती काळीकुट्ट, कोरी करकरीत दिसेल. तिचेही चार आकडे वाचा. गाडीबरोबर आलेली असेल, तर तीही सात वर्षांचीच आहे. आणि हवा भरून ठेवा.