ज्ञानाची धूळपाटी

प्रस्तावना

पूर्वीच्या शाळांमध्ये मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत असत. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे आणि ते चुकले तर हाताने धूळ सारखी करून पुन्हा काढायचे. आता तशा पाट्या राहिल्या नाहीत. परंतु मराठी विकिपीडिया या महाजालावरील ज्ञानकोशाने आपल्या सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ हेच नाव दिले आहे. नवा लेखक आपले लेखन आधी तेथे करून पाहतो, चुका दुरुस्त करतो आणि मग ते मुख्य लेखात नेतो.

विकिपीडियावरील लेख कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि नियम पाळून दुरुस्तही करता येतात. जगातील काही विद्यापीठांत असे लेख सुधारणे हा अभ्यासाचाच भाग झाला आहे. मेंदू व चेतासंस्था यांचा अभ्यास करणाऱ्या चेताविज्ञानात या कामाचे मोल विशेष आहे. ते का, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• ज्ञानकोशाचे स्वरूप व उपयोग सांगू शकाल;
• माहितीला आधार का लागतो, हे उदाहरणासह स्पष्ट करू शकाल;
• उतरवून काढणे आणि स्वतःच्या शब्दांत लिहिणे यांतील फरक ओळखू शकाल;
• मराठीतील शास्त्रीय परिभाषेविषयी आपले मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. एक रस्ता, दोन टोके

बेंगळुरू शहरातून एक मोठा रस्ता दक्षिणेकडे तमिळनाडूतील होसूर गावाकडे जातो. शहराच्या बाजूला या रस्त्यावर ‘निम्हान्स’ ही मानसिक आरोग्य व चेताविज्ञान यांची राष्ट्रीय संस्था आहे. १९७४ साली ती सध्याच्या रूपात अस्तित्वात आली. येथे रुग्णांवर उपचार होतात आणि मेंदूवर संशोधनही चालते. १९९५ साली येथे मेंदूपेढी सुरू झाली. मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तेथे संशोधनासाठी जतन केले जातात.

याच रस्त्याने बरेच पुढे गेल्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी लागते. कर्नाटक शासनाच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने १९७० नंतरच्या दशकात कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगुरू या खेड्यांच्या परिसरात तिची पायाभरणी केली. आज तेथे माहिती तंत्रज्ञानाच्या मोठ्या कंपन्या आहेत. माहिती तंत्रज्ञान आणि जैवमाहितीशास्त्र शिकवणाऱ्या उच्च शिक्षणाच्या संस्थाही आहेत. देशाच्या अनेक भागांतून माणसे येथे कामासाठी येतात. त्यांत संगणक अभियंते असतात, तसेच वाहनचालक, सुरक्षारक्षक आणि उपाहारगृहात राबणारेही असतात.

रस्त्याच्या एका टोकाला मेंदूचे ज्ञान तयार होते आणि दुसऱ्या टोकाला माहिती वाहून नेणारी साधने घडतात. तरीही घरात एखाद्याला फेफरे आले की घरच्या माणसांना नेमके काय करावे ते कळत नाही. संशोधकाचे निबंध इंग्रजीत असतात, त्यांची भाषा अवघड असते आणि ते नेहमी सहज मिळतातच असे नाही. ज्ञान आणि गरजू माणूस यांच्यामधले हे अंतर रस्त्याच्या मैलांत मोजता येत नाही. ते कमी करण्याचे काम ज्ञानकोश करतो.

२. ज्ञानकोशाची परंपरा

महाराष्ट्राला ज्ञानकोश नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे ‘मराठी विश्वकोशा’चे काम उभे राहिले. या कोशांतील नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिल्या आणि संपादकांनी तपासल्या.

१५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. येथे प्रत्येक लेख सतत बदलू शकतो. त्यावरील मतभेद ‘चर्चा’ पानावर मांडले जातात आणि प्रत्येक बदलाची नोंद ‘इतिहास’ पानावर राहते. सर्वांच्या सामाईक बोलण्याच्या जागेला तर ‘चावडी’ असेच नाव आहे. मात्र चावडीवर बसणाऱ्याला गावाचे नियमही पाळावे लागतात. लेखातील विधानाला विश्वसनीय आधार हवा, लेखन निःपक्षपाती हवे आणि दुसऱ्याचे लेखन जसेच्या तसे उचलू नये, हे येथील मुख्य नियम आहेत.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) मराठी विकिपीडियावर लेखनाच्या सरावासाठी असलेले पान – (१) चावडी (२) धूळपाटी (३) इतिहास
(आ) ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे खंड – (१) २० (२) २३ (३) २५

३. विद्यार्थी लेखक होतात

एरवी विद्यार्थ्याचा निबंध एकटे शिक्षक वाचतात. गुण मिळाले की तो कागद रद्दीत जातो. तोच विद्यार्थी ज्ञानकोशातील लेख सुधारतो तेव्हा त्याचे लेखन अनोळखी माणसांच्या उपयोगी पडते. हा विचार पुढे ठेवून २०१० साली अमेरिकेतील काही विद्यापीठांत विकिपीडिया-लेखनाचा पद्धतशीर उपक्रम सुरू झाला. बॉस्टन कॉलेजमध्ये चेताविज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनीही असे काम केले. दोन-चार वाक्यांवरच थांबलेले लेख त्यांना निवडायचे होते आणि संशोधनाचा आधार घेऊन ते वाढवायचे होते.

हे काम वरवर सोपे दिसते. एका उदाहरणावरून त्यातील कष्ट कळतील. माणसाच्या मेंदूत १०० अब्ज चेतापेशी असतात, असे अनेक वर्षे पुस्तकांतून सांगितले जात होते. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात हा आकडा जात राहिला. परंतु तो कोणी, कसा मोजला, हे विचारले की समाधानकारक उत्तर मिळत नसे. सुझाना हर्कुलानो-हूझेल या ब्राझीलच्या शास्त्रज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणीची नवी रीत वापरली. मेंदूच्या ऊती विरघळवून त्यांचे एकसारखे द्रावण तयार करायचे आणि त्यातील पेशींची केंद्रके मोजायची, अशी ही रीत होती. चार प्रौढ पुरुषांचे मेंदू तपासून त्यांनी २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. चेतापेशींची सरासरी संख्या सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी भरली. त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत होत्या.

लेखात १०० च्या जागी ८६ लिहायला क्षणही लागत नाही. परंतु ते लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याला मूळ निबंध वाचावा लागतो आणि मोजणीची रीत समजून घ्यावी लागते. किती मेंदू तपासले, हेही पाहावे लागते, कारण चार मेंदूंवरून काढलेली सरासरी ‘सुमारे’ या शब्दासहच सांगितली पाहिजे. ‘सर्वांना ठाऊक आहे’ हा आधार नव्हे, हे तो या एका आकड्यातून शिकतो.

४. चुकीच्या माहितीची किंमत

आकडा चुकला तर ज्ञानात उणीव राहते. उपचाराविषयीची माहिती चुकली तर माणसाला इजा होते. अपस्मार, म्हणजे फेफरे किंवा फिट येणे, हा मेंदूचा विकार आहे. यात मेंदूतील चेतापेशींच्या विद्युत क्रियेत काही काळ बिघाड होतो. तरीही रुग्णाला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, हातात किल्ल्यांचा जुडगा देणे असे उपाय अजून केले जातात. त्यांचा उपयोग होत नाही. दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घालण्याने तर दात तुटू शकतात आणि श्वासही अडू शकतो.

अशा वेळी आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, कपडे सैल करावेत आणि रुग्णाला अलगद कुशीवर वळवावे. तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर तातडीने रुग्णालयात न्यावे. ही चार वाक्ये स्वच्छ मराठीत एखाद्याच्या हाती वेळेवर पडली, तर त्यांचे मोल परीक्षेतील गुणांहून कितीतरी अधिक आहे. म्हणूनच वैद्यकीय लेखांसाठी आधाराचे नियम अधिक कडक असतात. एखाद्या सुट्या प्रयोगापेक्षा अनेक संशोधनांचा साकल्याने आढावा घेणारे लेखन तेथे ग्राह्य मानतात. ज्ञानकोश डॉक्टरांची जागा घेत नाही. पण डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी होणारी घोडचूक तो टाळू शकतो.

५. पुण्याचा अनुभव

विद्यार्थ्यांच्या हाती ज्ञानकोश दिला की तो आपोआप सुधारतो, असे मात्र नाही. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत असा उपक्रम सुरू झाला. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा विषयांचे शेकडो विद्यार्थी इंग्रजी विकिपीडियात लेखन करू लागले. उत्साह मोठा होता. परंतु थोड्याच दिवसांत अनेक लेखांमध्ये पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवलेला आढळला. हा स्वामित्वहक्काचा भंग होता. जगभरातील स्वयंसेवकांना तो मजकूर शोधून काढून टाकावा लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा उपक्रम थांबवण्यात आला.

केवळ विद्यार्थ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. शाळेत ‘फळ्यावरचे उतरवून घ्या’ ही आज्ञा त्यांनी वर्षानुवर्षे पाळलेली असते. उत्तर पुस्तकातल्यासारखे हुबेहूब आले तर गुण मिळतात, हे ते शिकलेले असतात. शिवाय लिहिणारे फार आणि मार्गदर्शन करणारे अनुभवी संपादक थोडे, अशीही स्थिती होती. आणि ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हती. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात मानसशास्त्राच्या एका फार मोठ्या वर्गाने विकिपीडियात लेखन केले, तेव्हाही संपादकांवर असाच भार पडल्याची तक्रार २०१३ साली झाली होती.

पुढे बेंगळुरूत वेगळी वाट चोखाळली गेली. होसूर रस्त्यावरच्याच क्राइस्ट विद्यापीठातील विद्यार्थी २०१३ पासून कन्नड, हिंदी, संस्कृत अशा भारतीय भाषांत विकिपीडियासाठी लिहू लागले. येथे इंग्रजीतील आयती वाक्ये उचलून चालत नाही. आशय समजून घ्यावा लागतो आणि तो आपल्या भाषेत नव्याने उभा करावा लागतो.

६. शब्दांची निवड

मराठीत चेताविज्ञानावर लिहिणाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. शालेय विज्ञानात ‘चेतापेशी’ व ‘चेतासंस्था’ हे शब्द आहेत. मराठी विश्वकोशात ‘तंत्रिका तंत्र’ हा शब्द आढळतो. जुन्या पुस्तकांत ‘मज्जातंतू’ येतो, तर बोलताना लोक ‘नस’ म्हणतात. मात्र रक्तवाहिनीलाही ते ‘नस’च म्हणतात. मग लेखात कोणता शब्द घ्यावा? लेखकाने एक शब्द निवडावा, पहिल्यांदा वापरताना त्याचा अर्थ सांगावा, इतर पर्याय नोंदवावेत आणि पुढे सर्व लेखभर तोच शब्द ठेवावा. मतभेद असल्यास चर्चा पानावर बोलावे. अशा चर्चांतूनच भाषेत शास्त्राचे शब्द रुळतात.

जे दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ते बहुधा आपल्यालाच पुरते समजलेले नसते. ज्ञानकोशात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ही जाणीव ओळीओळीला होते. धूळपाटीवर पुसून पुन्हा लिहिण्यात कमीपणा नाही. न समजता उतरवलेले अक्षर मात्र कितीही सुबक असले, तरी ते आपले होत नाही आणि वाचणाऱ्याच्याही फारसे कामी येत नाही.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) २००९ सालच्या मोजणीनुसार मेंदूतील चेतापेशींची सरासरी संख्या किती?
(आ) पुण्यातील उपक्रम का थांबवण्यात आला?
(इ) ‘नस’ हा शब्द शास्त्रीय लेखात संदिग्ध का ठरतो?

शब्दार्थ

चेतापेशी – संवेदना व संदेश वाहून नेणारी पेशी
ऊती – एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींचा समूह
अनुमस्तिष्क – तोल व हालचालींचा मेळ राखणारा लहान मेंदू
स्वामित्वहक्क – आपल्या लेखनावर लेखकाचा असलेला कायदेशीर हक्क
साकल्याने – सर्व बाजूंनी, एकत्रितपणे
संदिग्ध – एकाहून अधिक अर्थ होऊ शकणारे
वाट चोखाळणे – मार्ग अनुसरणे

तुम्ही काय शिकलात?

• ज्ञानकोश तज्ज्ञांचे ज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचवतो.
• सर्वत्र आढळणारी माहितीही तपासून घ्यावी लागते.
• आरोग्यविषयक चुकीची माहिती घातक ठरू शकते.
• समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिणे हेच खरे लेखन होय.

पाठान्त प्रश्न

१. ‘ज्ञान आणि गरजू माणूस यांच्यामधले अंतर रस्त्याच्या मैलांत मोजता येत नाही,’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
२. १०० अब्ज आणि ८६ अब्ज या आकड्यांच्या उदाहरणातून कोणता बोध मिळतो?
३. पुण्यातील अनुभवाची कारणे सांगून अशी अडचण टाळण्याचे दोन उपाय सुचवा.
४. फेफरे आलेल्या व्यक्तीस कोणती मदत करावी व काय टाळावे, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजेल अशा भाषेत लिहा.

उपक्रम

तुमच्या व्यवसायातील किंवा गावातील एखाद्या गोष्टीविषयी दहा ओळींची ज्ञानकोशीय नोंद तयार करा. प्रत्येक विधान तुम्हांला कोठून कळले ते शेजारी लिहा. ज्या विधानाला आधार सापडला नाही, ते खोडा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) धूळपाटी (आ) २३
२. (अ) मेंदूतील चेतापेशींची सरासरी संख्या सुमारे ८६ अब्ज भरली. (आ) अनेक लेखांत दुसऱ्यांचा मजकूर जसाच्या तसा उतरवून स्वामित्वहक्काचा भंग झाल्यामुळे उपक्रम थांबवण्यात आला. (इ) बोलीत ‘नस’ हा शब्द मज्जातंतू आणि रक्तवाहिनी या दोहोंसाठी वापरला जातो, म्हणून तो संदिग्ध ठरतो.