मूर्तींवरचा बर्फ

पेणकडे एक मावशी आहे. ती शाडूच्या लहान मूर्ती करते. मूर्ती चार-पाच बोटे उंच. शंकर, पार्वती, नंदी, जटा वाढवलेले साधू, काठी टेकीत चाललेले यात्रेकरू. गणपतीच्या दिवसांत देखावा मांडणारे लोक या मूर्ती घेऊन जातात.

एका वर्षी एका मंडळाने कैलासाचा देखावा ठरवला. मावशीकडे पंचवीस मूर्ती सांगितल्या. वर बजावले, "सगळ्यांवर बर्फ पडलेला दिसला पाहिजे." मावशीने बर्फ पडताना कधी पाहिला नव्हता. तिने आपले डोके चालवले. मूर्ती रंगवल्या, त्यांना खळ लावली आणि वरून बारीक मीठ भुरभुरवले. मीठ चमचम करू लागले. मंडळाची माणसे खूश झाली.

पण भाद्रपद म्हणजे पावसाळा. हवा दमट. मिठाची बरणी पावसाळ्यात कशी होते, ते आपण घरोघर पाहतो. मीठ हवेतले पाणी ओढून घेते. तिसऱ्या दिवशी मूर्तींवरच्या मिठाला पाणी सुटले. पाण्याबरोबर रंग सुटला. शंकराच्या गळ्याचा निळा ओघळ छातीवर आला. नंदीचे डोळे गालावर उतरले. मंडळाने निम्मे पैसे कापले. मावशीची तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली.

मावशीचा भाचा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. मासळीच्या होड्यांना लागणाऱ्या लाद्या तिथे तयार होतात. तो दिवाळीला घरी आला तेव्हा मावशीने त्याला सगळे सांगितले.

भाचा म्हणाला, "मावशी, मुळात बर्फ पांढरा नसतोच."

"काहीतरीच काय बोलतोस! मग कसा असतो?"

"लादी बघितलीस ना? कडेला काचेसारखी आरपार दिसते. मधेच तेवढी पांढरी. पाणी कडेकडून गोठत येतं. पाण्यातली हवा मधे ढकलली जाते. तिचे बारीक बुडबुडे आत अडकतात, म्हणून मधला भाग पांढरा दिसतो."

मावशीला हे लगेच पटले नाही. मग भाच्याने खडीसाखरेचा एक मोठा खडा घेतला. खडा उजेडात धरला. त्यातून पलीकडचे दिसत होते. तोच खडा त्याने खलात कुटला. पांढरी पूड झाली. साखर तीच, पण आता तिचे हजारो कण झाले. प्रत्येक कणावरून उजेड उलटतो, म्हणून पूड पांढरी दिसते. आकाशातून पडणाऱ्या बर्फाचेही तसेच आहे. तो बारीक स्फटिकांचा ढीग असतो.

म्हणजे मूर्तीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या दाखवायच्या असतात. साठलेला भुसभुशीत बर्फ पांढरा असतो. गोठलेले पाणी आरपार दिसते. आणि दव गोठून जे हिमकण होतात, त्यांचा थर अगदी पातळ असतो. हे हिमकण पाहायला हिमालयात जायला नको. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी काही हिवाळ्यांत पहाटे दव गोठते. गवताच्या पात्यांवर पांढरी कड दिसते. ऊन आले की जाते.

आता बर्फ कुठे लावायचा? मावशीने पहिल्या वर्षी मीठ सगळीकडे टाकले होते, हनुवटीखालीसुद्धा! बर्फ वरून पडतो. तो डोक्यावर, खांद्यावर, नंदीच्या पाठीवर साठतो. काखेत आणि पोटाखाली साठत नाही. याची एक सोपी युक्ती आहे. रंगवायच्या आधी कोरडी मूर्ती कागदावर ठेवा. वरून चाळणीने थोडी रांगोळी पाडा. ती जिथे थांबेल तिथेच बर्फ थांबेल. जागा नीट पाहून ठेवा आणि रांगोळी फुंकरीने नव्हे, कुंचल्याने झटकून टाका. फुंकर मारली तर पूड आपल्याच नाकात जाते.

मीठ नको, तर मग बर्फ कशाचा करावा? मावशीने पुष्कळ जिनसा करून पाहिल्या. मैद्याला बुरशी आली, झुरळेही आली. साखरेचे सांगायलाच नको, मुंग्या! खाण्याचा सोडा गोंदात मिसळला तर पहिल्यांदा फार छान दिसतो, पण काही महिन्यांनी पिवळा पडू लागतो. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. कापूस लावला तर तो बर्फ न दिसता ढग दिसतो, आणि निरांजनाची एक ठिणगी त्याला पुरते. आरती होते त्या जागी कापसाचा डोंगर करणे हा वेडेपणा आहे. शेवटी दारातली रांगोळीच कामाला आली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिला पाणी सुटत नाही, किडा लागत नाही, ती पिवळी पडत नाही.

काम असे करतात. मूर्ती रंगवून पूर्ण वाळू द्यावी. मग तिला वॉर्निशचा एक पातळ हात द्यावा. ही पायरी कधी गाळू नये. शाडूच्या मूर्तीचा रंग पाण्यातला असतो आणि बर्फाच्या लगद्यातही पाणी असते. मधे वॉर्निश नसेल तर नंदीचे डोळे पुन्हा गालावर येतील. पावसाळ्यात वॉर्निश वाळायला दोन दिवस द्या.

सुतार वापरतात तो पांढरा गोंद घ्या. त्यात रांगोळी आणि थोडा पांढरा रंग घाला. वाटलेल्या चटणीइतके घट्ट करा. काडीने थोडे थोडे उचलून ठरलेल्या जागी ठेवा. कडा ओल्या कुंचल्याने गोल करा, कारण साठलेल्या बर्फाला धार नसते. लगदा ओला असतानाच फडक्यातून कोरडी रांगोळी वर पाडा. मग तो भुसभुशीत दिसतो.

नुसता पांढरा बर्फ मेलेला दिसतो. चुन्यात नीळ का घालतात, ते घराला सफेदी देणाऱ्याला विचारा. इथेही तेच. पांढऱ्या रंगात नखभर नीळ कालवून बर्फाच्या खालच्या कडेला, सावलीच्या बाजूला एक हात फिरवा. मावशीने पहिल्यांदा नीळ जास्त घातली. साधूच्या डोक्यावर निळा फेटा झाला! सगळे हसले. नीळ कमीच घालावी.

हिमकणांसाठी लगदा नको. कुंचला पांढऱ्या रंगात बुडवून कागदावर जवळजवळ पुसून टाकावा. मग मूर्तीच्या उंचवट्यांवरून हलकेच ओढावा. जटांच्या कडा, काठीचे टोक, दाढीचे केस, एवढेच पांढरे होतात. ओलसर असताना अभ्रकाची चिमूटभर पूड टाकली की चमक येते.

छपराला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांसाठी तोच पांढरा गोंद चालतो. प्लॅस्टिकच्या कागदावर गोंदाच्या रेघा ओढा, वर जाड आणि खाली निमुळत्या. वाळल्यावर गोंद आरपार होतो. रेघा सोलून काढा आणि वळचणीला चिकटवा. बर्फाचे खडक हवे असतील तर किराणा दुकानातून तुरटी आणा. तुरटीचा फोडलेला खडा हुबेहूब बर्फाचा दिसतो. तळ्यासाठी काचेचा तुकडा घ्यावा. शेतकरी पिकाला मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते गरम पाण्यात विरघळेल तेवढे विरघळवावे आणि काचेवर पातळ फासावे. वाळताना त्याचे सुईसारखे स्फटिक काचेवर पसरतात. मावशीची शेजारीण ते पाहायला दोनदा आली.

एक गोष्ट मात्र भाच्याने मावशीला करू दिली नाही. तिने फुटक्या बांगड्या कुटायला घेतल्या होत्या. काचेची पूड चमकते खरी, पण ती डोळ्यांत जाते, बोटांत रुतते. परदेशांत एके काळी नाताळच्या सजावटीला अॅस्बेस्टॉसचा खोटा बर्फ वापरत. त्याची धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचे जीवघेणे रोग होतात, हे लोकांना पुढे कळले. रांगोळी आणि अभ्रक चाळतानाही नाकाला फडके बांधावे, आणि लहान मुलांना तेवढा वेळ दूर ठेवावे.

पुढच्या वर्षी मावशीने त्याच मंडळाला आधी एकच नंदी करून दिला. म्हणाली, "दहा दिवस तुमच्या मांडवात ठेवा. पाणी सुटलं तर पैसे नकोत." नंदी पावसात दहा दिवस राहिला. डोळे जागेवर होते. मंडळाने पुढच्या सालासाठी तीस मूर्ती सांगितल्या आणि निम्मे पैसे आगाऊ दिले. मावशीने त्यातून आधी वॉर्निशचा मोठा डबा आणला.